लांबडीसाठी जागा

"तुम्ही तिथंच धरून ठेवा, काकू," गुळवणी म्हणाला आणि टेप सोडत सोडत मागे गेला.

मी टेपचं टोक भिंतीला टेकवून उभी होते. गुळवणी हा आमच्या नव्या बिल्डिंगचा साइट इंजिनिअर. आमच्या वाट्याला आलेली पार्किंगची जागा तो मोजून दाखवत होता. आमचे हे, म्हणजे सुकुमार चौगुले, हात मागे बांधून नुसते बघत होते.

"सोळा फूट," गुळवणी पिवळ्या पट्ट्याशी वाकून म्हणाला. "गाडी किती म्हणालात?"

"साडेसतरा," हे म्हणाले.

"मग दीड फूट बाहेर येणार. पलीकडच्यांची गाडी वळायची नाही, काका. रोज भांडणं होतील."

"तिरकी लावली तर?" मी विचारलं.

"तिरकी लावली तर दोघांची जागा खाईल. तुम्ही ती कुणाला तरी देऊन टाका आणि छोटी घ्या. आता कोण चालवतंय एवढी गाडी?"

हे वळून जिन्याकडे निघाले आणि मधल्या खांबावर त्यांचा डावा खांदा आपटला. चांगला जोरात आपटला.

"लागलं का?"

"नाही. खांब फार घातलेत यांनी," हे खांदा चोळत म्हणाले.

ती गाडी म्हणजे जुनी अमेरिकन इम्पाला. माझ्या सासऱ्यांची सांगलीत हळदीची अडत होती. त्यांनी मुंबईला एका परदेशी वकिलातीच्या लिलावातून ती घेतली होती. फिकट पिस्ता रंग, मागे पसरट शेपटी, आणि स्टिअरिंग डावीकडे. विश्रामबागेतल्या आमच्या बंगल्यासमोरून जाणारी पोरं तिला 'लांबडी' म्हणायची, आणि पुढे आम्हीही तेच म्हणायला लागलो. सासरे गेल्यावर ती यांच्याकडे आली. अडत, बंगला, सासऱ्यांचा राग, सगळंच यांच्याकडे आलं होतं. पण आवडीनं यांनी फक्त गाडी घेतली.

स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे पुढच्या वाहनाला ओलांडायचं झालं की चालवणाऱ्याला समोरून काय येतंय ते दिसत नाही. ते उजवीकडे बसलेल्याला दिसतं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून ते काम माझं. मी "थांबा" म्हटलं की हे थांबायचे, "जा" म्हटलं की जायचे. कधी मान वाकडी करून खात्री करून घेतली नाही. घरात माझं एवढं कुणीच ऐकत नसे.

बंगला विकायचा निर्णय दोघांचा होता. माझे गुडघे जिना चढेनात आणि मुलगा परत यायचं नाव घेत नव्हता. फ्लॅट लिफ्टचा, बस्तीपासून, म्हणजे आमच्या जैन मंदिरापासून जवळ, सगळं सोयीचं होतं. फक्त लांबडीचं काय करायचं ते ठरलं नव्हतं, आणि बंगल्याचा ताबा दिवाळीनंतर द्यायचा होता.

मग जागा शोधणं सुरू झालं.

पहिली जागा यांच्या चुलतभावाचं मार्केट यार्डातलं हळदीचं गोदाम. कोरडं, उंच, कुलूपबंद. मला तर ते बघताक्षणी पसंत पडलं. हे दारात उभे राहिले, आत बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मधे खांब आहेत."

"दोन खांबांमधून ट्रक जातोय, अहो."

"ट्रकचं वेगळं."

दुसरी जागा एका मंगल कार्यालयाची मागची शेड. तिथं खांब नव्हते. तर म्हणे फाटक अरुंद. मी पावलं टाकून फाटक मोजलं, गाडी जाऊन दोन्ही बाजूंना हातभर जागा उरत होती. तसं सांगितलं तर म्हणाले, "लग्नाची गर्दी असते, पोरं मधे मधे येतात." तिसरी जागा माझ्या भाचीच्या दिराची रिकामी पोल्ट्री, बुधगावला. फाटक रुंद, आत खांब नाहीत, गर्दी नाही. ती नाकारली, कारण बाहेर आल्याबरोबर शाळा होती.

"तुम्हाला गाडी ठेवायची आहे की शर्यत लावायची आहे?" परत येताना रिक्षात मी विचारलं.

"नुसती ठेवून काय करायची? फिरवता आली पाहिजे. मोकळं आवार पाहिजे. कंपाउंड पाहिजे."

"आवार कशाला? फिरवायला रस्ते आहेत की."

हे रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागले.

मला वाटलं, यांना बंगलाच सोडायचा नाही. तसं तोंडानं म्हणवत नाही म्हणून जागांना नावं ठेवतायत. बांधाबांध मी एकटी करत होते. सासूबाईंची पितळेची भांडी कुणाला द्यायची, पुस्तकांचं काय करायचं, सगळं माझ्यावर. आणि हे रोज संध्याकाळी लांबडीच्या टपावरची धूळ पुसत बसायचे. दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवण होतं. एकदा पानावर बसल्यावर यांच्या डाव्या हाताचा धक्का लागून ताकाचं भांडं सांडलं, आणि माझा तोल गेला.

"लक्ष कुठं असतं तुमचं? सारखं त्या गाडीत."

"पुसून घेतो," एवढंच म्हणाले. पुसलंही. पण कडेला वाहत गेलेलं ताक तसंच राहिलं. मी रागात होते, मला तो आळस वाटला.

त्या दिवसांत एक गोष्ट मात्र चांगली घडत होती. मी ती कुणाला सांगितली नव्हती. भाजीला गेलो की हे माझा हात धरायचे. मंडईच्या गर्दीत सरळ दंडाला धरून चालायचे. उभ्या जन्मात या माणसानं चारचौघांत माझा हात धरला नव्हता. सासऱ्यांच्या घरात तशी रीतच नव्हती. मी मनात म्हणायचे, घर सुटतंय म्हणून हळवे झाले असतील. मी मुद्दाम दोन गल्ल्या जास्त फिरायचे.

शेवटी जागा सापडली ती रावसाहेब मगदूमांमुळे. मगदूम म्हणजे आमच्या यांचे शाळेपासूनचे मित्र. माधवनगरच्या पलीकडे त्यांची शेंगतेलाची गिरणी होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मुलं पुण्याला, यंत्रं भंगारात गेलेली. राहिली होती एक कमानदार पत्र्याची शेड आणि तिच्यापुढं शेंगा वाळत घालायचं फरशीचं पटांगण. पटांगणाला चारही बाजूंनी उंच भिंत. एका बाजूला पोती चढवायचा धक्का.

हे त्या पटांगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. सावकाश स्वतःभोवती फिरले. मग भिंतीच्या कडेकडेनं हात लावत पूर्ण एक फेरी मारून आले.

"झाड नाही एकही," हे म्हणाले.

"शेंगांवर पानं पडू नयेत म्हणून बाबांनी लावलंच नाही," मगदूम म्हणाले. "का रे, सावली पाहिजे होती काय?"

"नको. हे बरं आहे. पद्मजा, ही जागा चालेल."

इतक्या दिवसांनी यांचा चेहरा मोकळा झालेला मी बघत होते.

"फुकट ठेव," मगदूम म्हणाले. "पण रविवारी मला बसवून एक चक्कर मारायची. वहिनी, तुम्ही साक्षीला."

गाडी हलवायचा दिवस ठरला. सकाळी हे बस्तीत जाऊन आले, गाडीला हार घातला आणि आम्ही निघालो. मी उजवीकडे नेहमीच्या जागी बसले. हे फार हळू चालवत होते. मला वाटलं, मन जड झालंय. गावातून बाहेर पडलो. माधवनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या.

"बघ गं," हे म्हणाले.

"थांबा. एसटी येतीय. आता जा."

एक ट्रॉली मागे पडली. दुसरी मागे पडली. तिसरीच्या मागे असताना मी समोरून येणाऱ्या टेंपोकडे बघत होते, म्हणून मला काही दिसलं नाही. फक्त डावीकडून पत्रा वाजल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ बाईची किंकाळी.

यांनी ब्रेक दाबला. मी उतरून धावत पुढून पलीकडे गेले. बाजूच्या पाणंदीतून एक बाई सायकलवर वैरणीचा भारा लादून सायकल ढकलत आली होती. लांबडीच्या मडगार्डचा कोपरा भाऱ्याला लागला होता. सायकल, वैरण आणि बाई, सगळं रस्त्याच्या कडेला पडलं होतं. कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. पण ती स्वतःच उठून बसली. मी तिला धरलं तर माझा हात झटकला.

हे उतरून तिच्यापुढे आले. चहाच्या टपरीवरची माणसं जमली.

"दिसत न्हाई व्हय तुमाला?" ती बाई ओरडली. "एवढी भाऱ्यासकट बाई दिसत न्हाई?"

"नाही," हे म्हणाले.

"बघा, वर तोंड करून नाही म्हणतोय," मागून कुणीतरी बोललं. "मोठ्या गाडीचा माज."

"माज नाही हो. खरंच सांगतोय." यांचा आवाज अगदी खाली आला होता. "बाई, मला समोरचं दिसतं. बाजूचं दिसत नाही. तुम्ही बाजूनं आलात."

जमलेली माणसं जरा मागे सरकली. ती बाई यांच्या डोळ्यांकडे बघायला लागली. मग यांनी माझ्याकडे तोंड केलं. मी यांच्या डाव्या बाजूला होते. मला शोधायला यांना पूर्ण मान फिरवावी लागली. आणि ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बाईचं नाव मालन. तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. सायकल टपरीवाल्याकडे ठेवली, वैरण कुणीतरी कडेला रचली. हे गाडीपाशी उभे होते, पण डाव्या दाराला हात लावत नव्हते. मी यांच्या हातातून किल्ली घेतली. आमची मारुती होती तोवर मी ती कितीतरी वर्षं चालवली होती. लांबडी कधीच नाही. सासरे गाडीत असले की बायकांनी मागे बसायचं असायचं. आम्ही दोघंच निघालो की पुढं उजवीकडे बसायला मिळायचं हीच मोठी गोष्ट होती, त्याच्या पलीकडे मागायचं कधी सुचलं नाही.

गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता. तो कसा टाकायचा ते यांनी शेजारी बसून सांगितलं. गाडी दोनदा गचका खाऊन बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. पुढे परत एक उसाची ट्रॉली होती. आता उजवीकडे हे बसले होते, आणि मी विचारणार तरी काय? दवाखान्यापर्यंत मी त्या ट्रॉलीच्या मागून चालत्या माणसाच्या गतीनं गेले.

डॉक्टर मालनबाईंची जखम धूत होते तेव्हा आम्ही दोघं बाहेर बाकड्यावर बसलो.

"कधीपासून?"

"काचबिंदू आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं. आधीपासून असणार, मला कळलं नाही. कडेकडेनं जातं ते. पेपर वाचता येतो, तुझा चेहरा दिसतो. पण चेहऱ्याच्या शेजारी काही नसतं. नळीतून बघावं तसं."

"औषध?"

"थेंब आहेत. मी बस्तीत जातो म्हणून निघतो ना सकाळी, तिथं घालतो. पुजारी मदत करतात."

"पुजाऱ्यांना माहीत आहे आणि मला नाही."

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"हो. घेतली असती. ती बाई आज पडली नसती."

 मला थांबवेना.

"मी जा म्हणत होते आणि तुम्ही जात होता. मला वाटायचं, मी तुमच्या उजव्या बाजूचं तेवढं बघते. बाकीचं तुम्ही बघताय म्हणून मी निर्धास्त होते. वर्षभर आपण दोघं बसून कुणीच रस्ता बघत नव्हतं."

"म्हणून तर आवार शोधत होतो," हे म्हणाले. "भिंतीच्या आत. मधे खांब नको, माणूस नको, पोर नको. थोडे दिवस तरी चालवता आली असती. आज फक्त तिथपर्यंत न्यायची होती. रस्त्यावरची शेवटची म्हणून."

सगळ्या जागा, सगळी नापसंती माझ्या डोळ्यांपुढून गेली. तरी मी विचारायचं ते विचारलंच.

"मंडईत हात धरत होता ते यासाठी?"

 "सुरुवातीला यासाठीच," म्हणाले.

मालनबाईंना आम्ही त्यांच्या वस्तीपाशी सोडलं. मागच्या सीटवर त्या पाय जवळ घेऊन बसल्या होत्या. गादीला रक्त लागू नये म्हणून पदर खाली धरला होता. उतरल्यावर खिडकीशी आल्या. मी काही द्यायला पर्स उघडली तर मान हलवून नको म्हणाल्या आणि यांच्याकडे वळल्या.

"बाबा, नजर न्हाई म्हणून घरात कोंडून बसा असं म्या म्हणत न्हाई. रस्त्यानं या. पन चालत या."

"येईन," हे म्हणाले.

गिरणीत पोचल्यावर मी गाडी शेडमध्ये घातली. सरळ लागेना, दोनतीनदा मागेपुढे केली. उतरले तेव्हा यांनी हात पुढे केला होता. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. मगदूम दारात उभे होते. त्यांनी एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चहा सांगायला निघून गेले.

आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो. मिरजेला मी बरोबर गेले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस राहील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. थेंब आता मी घालायला लागले. हे मान वर करून मुकाट्यानं घालून घ्यायचे. किल्ली यांनी एकदाही मागितली नाही. मागितली असती तर मी भांडले असते आणि बरं वाटलं असतं. रविवारी रिक्षा करून एकटेच गिरणीत जायचे, लांबडी पुसून यायचे. घरात आमचं बोलणं दूध, दिवे, औषध एवढ्यावर आलं होतं. मंडईत मी हात पुढे करायचे, हे धरायचे, आणि दोघंही दुसरीकडे बघायचो.

एक दिवस मगदूमांचा फोन आला.

"वहिनी, सांगू का नको असं चाललंय माझं. हा इथं येऊन गाडीत बसतो. किल्ली नसताना. गिअर टाकतो, चाक फिरवतो. आज मी हाक मारली तर दचकला. मला बघवंना."

दुसऱ्या दिवशी यांना न सांगता मी गिरणीत गेले. मगदूमांनी फाटक उघडलं. मी पटांगणाच्या मधे गेले, दोन्ही मुठींच्या नळ्या करून डोळ्यांना लावल्या आणि चालायला लागले. पायाखालची फरशी नाहीशी झाली. धक्का नाहीसा झाला. मगदूम बोलेपर्यंत ते कुठं उभे आहेत हे कळेना. मी भिंतीपर्यंत गेले, वळले, दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले. तसं बघत चालणं एवढं एकट्याचं असतं याची मला कल्पना नव्हती. पण वाटेत काही आलं नाही. सगळीकडे समोर फक्त भिंत होती, आणि ती लांबूनच दिसत होती.

"फाटकाला आतून कडी आहे का?" मी विचारलं.

"बसवतो," मगदूम म्हणाले.

त्या रविवारी नाश्ता झाल्यावर मी किल्ली टेबलावर यांच्या समोर ठेवली. अगदी समोर, दिसेल अशी.

"फाटक मी लावणार," मी म्हटलं. "आत मगदूमभाऊ आणि मी, तिसरं कुणी नाही. आम्ही दोघं धक्क्यावर. मी म्हणेन तेव्हा थांबायचं."

यांनी किल्ली उचलली. बोटांनी चाचपली. "बरं," म्हणाले.

पुढं सव्वा वर्ष हे दर रविवारी तिथं गाडी चालवत होते. मग एका रविवारी भिंत जवळ येईपर्यंत दिसली नाही, तेव्हा स्वतःच उतरले आणि परत बसले नाहीत. आता यांना उजेड आणि अंधार तेवढा कळतो. लांबडी अजून गिरणीतच आहे. मी चालवते, गिरणीतही आणि कधी कधी बाहेर बुधगावपर्यंतही, आणि पुढे ट्रॉली असेल तर तिच्या मागून जाते.

पण मला त्या पहिल्या रविवारचंच सांगायचं आहे. मी फाटकाची कडी लावली, दोनदा ओढून बघितली आणि धक्क्यावर फाटकाकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले. यांनी तिथपर्यंत बघून घेतलं, मी कुठं आहे ते. मग लांबडी शेडमधून बाहेर आली. पहिली फेरी भीत भीत झाली. दुसरीला वेग आला. तिसरीला हे काच खाली करून कोपर बाहेर काढून बसले, आमच्या लग्नानंतर बसायचे तसे, आणि चार कोपरे असे गोल घेतले की मगदूम नुसते "वा" म्हणाले. ऊन चढलं होतं. डोळ्यांवर यायला लागलं म्हणून मी सरकत सरकत शेडच्या सावलीत आले, धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

गाडी वळून परत धक्क्यासमोरून आली. यांनी हात बाहेर काढला आणि हलवला. हसत होते. मान फाटकाच्या बाजूला होती, मी आधी जिथं उभी होते तिकडे.

"सुकुमारा, वहिनी इकडं," असं ओरडायला मगदूमांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांचा हात धरून थांबवलं.

मग धक्क्यावरून उन्हात चालत गेले आणि गाडी पुढची फेरी घेऊन यायच्या आत आधीच्या जागेवर जाऊन उभी राहिले.